लहान मेंदू, अनुमस्तिष्क की निमस्तिष्क? रिपोर्ट वाचून दाखवताना काय म्हणावं?

तासगावचं_मेडिकल

माझं औषधांचं दुकान आहे. गोळ्या न्यायला आलेला माणूस हल्ली फाइलही काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "एवढं काय लिवलंय बघा की." मी डॉक्टर नाही, निदान सांगत नाही. पण इंग्रजी रिपोर्टात कुठल्या अवयवाचं नाव आलंय एवढं वाचून दाखवतो. सांगली-मिरजेहून एमआरआय करून आलेल्यांच्या रिपोर्टात 'सेरेबेलम' (म्हणजे लहान मेंदू), 'सेरेबेलर' (म्हणजे त्याचा) हे शब्द बरेचदा असतात आणि तिथंच गाडी अडते.

एकाच्या पोरानं 'सेरेबेलर इन्फार्क्ट'चं (रक्त न पोचल्यानं झालेली इजा) 'सेरेब्रल', म्हणजे मोठ्या मेंदूचं, वाचलं आणि वडलांना अर्धांगवायू झाला म्हणून भावकीत फोन करून मोकळा झाला. वडील बिचारे खाटेवर बसून दोन्ही हातांनी चहा पीत होते. दुसऱ्या एका आजोबांच्या रिपोर्टात सेरेबेलम आक्रसल्याचं लिहिलं होतं. मी 'लहान मेंदू' म्हटल्याबरोबर सूनबाईंनी विचारलं, "म्हंजे मेंदू लहान झालाय? आता पोरागत वागायचं का त्येंनी?" तिचं काय चुकलं? शब्द तसा ऐकूही येतो.

आम्ही शाळेत मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा असं शिकलो. मुलीच्या नववीच्या पुस्तकात प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ आहे. विश्वकोशात बघितलं तर निमस्तिष्क. एका अवयवाला तीन नावं, आणि गिऱ्हाइकाला तिन्ही कळत नाहीत. जाणकारांनी सांगावं, नेमका कोणता शब्द धरायचा? आणि सेरेब्रल-सेरेबेलरमधला फरक चार ओळींत कसा सांगायचा?

वाईकर_गुर्जी

विश्वकोशाचं कार्यालय आमच्या वाईतलं, त्याचं नाव निघालं म्हणून वाईकरानं बोलायलाच हवं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना १९७६ साली पहिला खंड निघाला. त्या वेळी शास्त्रीय लेख मराठीत लिहायचे तर आधी शब्द पाडावे लागत होते. त्यामुळे विश्वकोशाची स्वतःची एक परिभाषा झाली, शाळेच्या पुस्तकांची दुसरी आणि बोलण्यातली तिसरी. तिघी आपापल्या जागी सुखात आहेत, घोटाळा फक्त वाचणाऱ्याचा.

पण विश्वकोशाची एक सवय मला फार आवडते. 'निमस्तिष्क' असं नुसतं लिहून पुढे जात नाहीत. कंसात सांगतात, मोठ्या मेंदूच्या मागच्या बाजूला खाली असलेला, शरीराचा तोल सांभाळणारा भाग. म्हणजे शब्द नाही कळला तरी वाचक अडत नाही. 

व्युत्पत्तीचं म्हणाल तर 'सेरेबेलम' हा लॅटिनमधला लघुत्वदर्शक शब्द आहे. 'सेरेब्रम' म्हणजे मेंदू आणि 'सेरेबेलम' म्हणजे छोटासा मेंदू. आपण वाटीची वाटुली करतो तसं. तेव्हा 'लहान मेंदू' हा शब्द अडाणी नाही, मुळाला अगदी धरून आहे. सूनबाईंना जो प्रश्न पडला तो पहिल्यांदा लॅटिन ऐकणाऱ्या रोमन सूनबाईंनाही पडला असेल.

अनुस्वार

गुर्जींशी असहमत. 'लहान' हे विशेषण आहे, संज्ञा नव्हे. उद्या 'लहान मेंदू लहान झाला आहे' असं लिहिण्याची वेळ आली तर काय करणार? अनुमस्तिष्क हा स्वच्छ, एकार्थी शब्द आहे, हिंदीतही तोच आहे, विशेषणही करता येतं. लोकांना कळत नाही म्हणून संज्ञा सोडायची नसते, लोकांना ती शिकवायची असते. 'संगणक' रुळलाच ना?

पेशी

न्यूरॉलॉजीत आहे. मिरजेत शिकलो, सध्या पुण्यात. नावाचं नंतर भांडू, आधी वस्तू बघू.

डोक्यामागून हात फिरवला की मधोमध हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याच्या खालच्या पातळीवर, मान सुरू होते तिथपर्यंत, आतल्या बाजूला हा भाग बसलेला असतो. पुढे मेंदूचा देठ, वर मोठ्या मेंदूचा मागचा भाग, आणि मोठ्या व लहान मेंदूच्या मध्ये एक जाड पडदा. वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. 

आता गंमत ऐका. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात हा आकडा २००९ साली पेशी मोजण्याच्या नव्या पद्धतीने हाती आला. त्यातल्या जवळपास ६,९०० कोटी एकट्या या 'लहान' मेंदूत आहेत. मोठ्या मेंदूच्या ज्या बाह्य थराच्या जिवावर आपण कविता करतो आणि निवडणुका लढवतो, त्यात सुमारे १,६०० कोटी. लहान मेंदूतल्या बहुतेक पेशी अतिशय बारीक आणि दाटीने बसलेल्या असतात म्हणून हे जमतं. त्यांच्यातच पुर्किंजे नावाच्या मोठ्या, पसरट फांद्यांच्या पेशी असतात. बोहेमियाच्या पुर्किंजेने त्या १८३७ मध्ये वर्णिल्या.

काम काय? हालचालीचा हुकूम मोठा मेंदू सोडतो. तो पाळला जात असताना हात किती पुढे गेला, कुठे थांबायला हवा, कोणता स्नायू आधी सैल सोडायचा याची दुरुस्ती लहान मेंदू करत राहतो. शिवाय उभं राहणं, चालणं, डोळे एका जागी स्थिर ठेवणं, बोलण्याची लय.

आता मेडिकलवाले काका, तुमच्या चार ओळी. मोठ्या मेंदूच्या हालचालीच्या भागाला धक्का बसला की ताकद जाते, हात उचलतच नाही. लहान मेंदूला बसला की ताकद राहते, नेम जातो. माणूस कप उचलतो, पण तोंडाशी नेताना हात थरथरतो, कप दातावर आपटतो. चालताना पाय फाकवून, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. आणि बाजू लक्षात ठेवा. मोठ्या मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते हे सगळ्यांना माहीत असतं. लहान मेंदूचं तसं नाही. उजव्या लहान मेंदूला इजा झाली तर उजवाच हात चुकतो, कारण त्याच्याकडून निघालेला निरोप वाटेत दोनदा बाजू बदलतो. रिपोर्टात 'उजवीकडे' लिहिलंय आणि त्रासही उजवीकडेच आहे म्हणून 'रिपोर्ट चुकला' म्हणणारे नातेवाईक आम्हाला नेहमी भेटतात.

रश्श्यातली_पोळी

डॉक्टर, भेजा खाणाऱ्या माणसाला हे सगळं डोळ्यांनी माहीत असतं. बोकडाचा भेजा अख्खा, न फुटता आणला तर पुढं दोन मोठे वळ्यावळ्यांचे भाग आणि मागं एक छोटा, बारीक आडव्या चुण्यांचा वेगळा गोळा दिसतो. तोच ना? आमची आजी त्याला काही नाव देत नव्हती, "मागचं बारकं" म्हणायची आणि ते बारकं धाकट्या नातवाला मिळायचं.

पेशी

तोच. आजीनं शरीररचनेचा तास बरोबर घेतला. बारीक, जवळजवळ समांतर चुण्या ही त्याची खूण. मधोमध उभा काप घेतला तर आत पांढरा भाग झाडाच्या फांद्यांसारखा पसरलेला दिसतो. त्याला जुन्या लॅटिन शरीररचनेत 'जीवनवृक्ष' म्हणतात.

सिस्टर_मिरज

मी वॉर्डात काम करते. मिरजेत १८९४ साली वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, तेव्हापासून या गावाला सगळा मुलूख येतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडून अथणी, चिकोडी, विजापूर. एका खोलीत चार पेशंट असले तर चौघांच्या नातेवाइकांच्या चार बोल्या. तिथं अनुमस्तिष्क बोलून बघा एकदा.

आमच्याकडं काय बोलतात सांगते. "मागच्या मेंदूत गुठळी झालीय." "लहान मेंदूला रक्तपुरवठा कमी पडला." "लहान मेंदूचा अटॅक." डॉक्टर आपसांत 'सेरेबेलर' म्हणतात, आया-मावश्यांपासून सगळे तो शब्द ओळखतात. पण नातेवाइकांना सही करायला बसवलं की मी नुसतं नाव कधी सांगत नाही. डोक्याच्या मागं हात लावून दाखवते, "हितं आत." मग सांगते, "ह्यो भाग तोल आणि नेम बघतो, ह्येला सूज आलीय." माणूस लगेच मान डोलावतो. अनुस्वार सर, संगणक रुळला कारण तो रोज समोर असतो. अनुमस्तिष्क आयुष्यात एकदा कानावर पडतो, आणि तोही रात्री दोनला कॅज्युअल्टीत. तेव्हा शिकवणी घ्यायची का?

आणि एक. 'मेंदू सुकला' हा शब्द घरात कुणी वापरू नका. वय झालं की थोडं आक्रसणं रिपोर्टात येतंच. ते ऐकून जेवण सोडलेले म्हातारे मी पाहिलेत.

जतची_पोर

आमच्या घरात कानडी बोलतात. मेंदूला मिदुळु. सिस्टर ताई म्हणतात तसं 'हिंदिन मिदुळु', मागचा मेंदू, असं सांगितलं की आईला कळतं. 'लहान' म्हटलं तर तीही विचारेल, लहान म्हणजे कुणाचं, बाळाचं?

अनुस्वार

सिस्टर, कॅज्युअल्टीत शिकवणी घ्या असं मी म्हटलेलं नाही. पण छापील कागदावर, पाठ्यपुस्तकात, डिस्चार्ज कार्डावर एकच संज्ञा हवी. तीन नावं चालवून घेतल्यानेच तासगावच्या काकांवर ही वेळ आली. 'मागचा मेंदू'देखील काटेकोर नाही. पश्चमस्तिष्क म्हणून वेगळी कल्पना आहे, तिच्यात मेंदूच्या देठातले सेतू आणि लंबमज्जा हे भागही येतात.

पेशी

अनुस्वार यांचा हा मुद्दा बरोबर आहे. शिवाय मोठ्या मेंदूचाही मागचा भाग असतो, दृष्टीचा. तिथे गुठळी झाली तर तोल जात नाही, नजर जाते. म्हणून 'मागचा' शब्द हात लावून दाखवताना ठीक, कागदावर नको.

लालमाती

डॉक्टरसाहेब एक इचारतो. आमच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला एकच डाव महिना महिना घोटायला लावायचे. पोरगं म्हणायचं आला की मला. वस्ताद म्हणायचे डोक्यात आलाय, अंगात यायचाय. आन् खरंच एक दिवस असा येतो की समोरच्यानं पट काढायला हात घातला की आपण इचार करायच्या आतच टांग लागलेली असती. ह्ये अंगात येणं म्हंजी लहान मेंदूतच ना?

पेशी

मोठा वाटा त्याचाच. एकट्याचा नाही, मोठ्या मेंदूच्या आत तळाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांचाही त्यात हात असतो. पण 'चुकलं, थोडं अलीकडे, थोडं लवकर' ही दुरुस्ती मनाला न विचारता करत राहणं हे लहान मेंदूचं खास काम. प्रत्येक चुकीची खबर त्याला एका स्वतंत्र वाटेनं मिळते आणि पुढच्या खेपेचा अंदाज बदलतो. वस्तादांना पुर्किंजे ठाऊक नव्हता, पण डोक्यात येणं आणि अंगात येणं यातला फरक त्यांनी बरोबर धरला होता.

१८२४ साली फ्रान्सच्या फ्लोरँसने कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं. लहान मेंदू काढलेलं कबूतर लुळं पडत नाही, पंख हलवतं, पण उडण्याचा मेळ बसत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने डोक्यामागे गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून आज आम्ही वापरतो त्यातली बरीच लक्षणं नोंदवली. बोट नाकाला, मग समोरच्याच्या बोटाला लावायला सांगणं, हात भराभर उलटसुलट करायला सांगणं, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालवणं, हे सगळं त्या घराण्यातलं.

पाटण_खोरं

म्हणजे पोलीस दारूड्याला रेषेवरून चालायला लावतात ते लहान मेंदूच तपासतात म्हणा की. फुंकणीचं यंत्र नंतरचं.

तासगावचं_मेडिकल

पाटणकर, अगदी तेच. आणि त्यावरून आठवलं ते लिहितो, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. फिट्ससाठी फेनिटॉइनची गोळी वर्षानुवर्षं चालू असलेले पुष्कळ जण आहेत. या औषधाचं गणित विचित्र असतं. एका हद्दीपर्यंत डोस वाढवला तर रक्तातली पातळी बेताने वाढते, हद्द ओलांडली की थोड्याशा वाढीनेही एकदम चढते. मग माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, डोळे थरथरतात. बाजारच्या दिवशी एक गिऱ्हाईक असंच आलं. लोक म्हणाले, सकाळ सकाळ टाकून आलाय. तो माळकरी माणूस, थेंबाला शिवत नव्हता. डॉक्टरांनी रक्तातली पातळी बघितली, डोस बदलला, चाल सुधारली. मात्र हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळी बंद करू नका. अचानक बंद केली तर फिट थांबतच नाही असा प्रसंग येतो.

पिलूची_आई

कोरेगावहून लिहितेय. आमच्या पिलूला सीपी आहे, सेरेब्रल पाल्सी. हा 'सेरेब्रल' शब्द ऐकला की शाळेत, लग्नात, बसमध्ये लोक धरूनच चालतात की मुलगी मतिमंद आहे. ती तिसरीत आहे, गणितात माझ्या पुढे आहे. तिचे पाय ताठ राहतात, चालायला वॉकर लागतो, इतकंच. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिच्या प्रकारात लहान मेंदूचा संबंध नाही. मग कुणाच्यात असतो?

पेशी

ताई, सीपीतल्या 'सेरेब्रल'चा अर्थ एवढाच, की मूळ कारण मेंदूत आहे, पायात किंवा स्नायूत नाही. बुद्धीबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा लगेच नंतर वाढत्या मेंदूला इजा झाली, ती इजा पुढे वाढत नाही, पण हालचालीवर परिणाम राहतो. काही मुलांत बुद्धीवरही परिणाम असतो, बऱ्याच मुलांत नसतो, आणि ते प्रत्येक मुलाचं वेगळं बघावं लागतं. बहुतेक मुलांत पिलूसारखा ताठरपणा असतो. थोड्या मुलांत तोल आणि नेम बिघडलेला असतो, अंग उलट सैल असतं, तो प्रकार लहान मेंदूशी जोडलेला.

सिस्टर_मिरज

पिलूला माझा पापा. शाळेत एकदा बाईंशी बोला ताई, बाई कळल्या की वर्ग आपोआप कळतो.

उंब्रज_फाटा

मी एक किस्सा सांगतो, हसू नका. पुतणीची मान आणि डोकं दुखायचं, खोकलं की मागं कळ यायची. एमआरआय झाला. रिपोर्टात 'टॉन्सिल' खाली सरकल्याचं होतं. आमच्या भावानं तिला घशाच्या डॉक्टरकडं नेलं, "टॉन्सिल काढून टाका." घशाच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, म्हणाले घसा एकदम स्वच्छ आहे, फाइल दाखवा. फाइल बघून परत न्यूरोकडं पाठवलं.

पेशी

हसलो नाही, कारण हे खरंच होतं. लहान मेंदूच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक गोलसर उंचवटा असतो. जुन्या शरीररचनाकारांना तो घशातल्या गाठीसारखा दिसला, नाव टॉन्सिल पडलं. कवटीच्या तळाला मज्जारज्जू बाहेर पडायला जे मोठं भोक असतं, त्यातून ही टोकं ५ मिलिमीटर किंवा जास्त खाली उतरली की आम्ही कियारी म्हणतो. काहींना काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये सहज दिसतं. काहींना खोकताना-शिंकताना डोक्यामागे कळ, हातात बधिरपणा. त्यातल्या थोड्यांना शस्त्रक्रिया लागते.

जतची_पोर

आमच्या शेजारच्या काकांनी तर रिपोर्टचा फोटो काढून मोबाइलच्या भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला. 'व्हर्मिस'चं त्यानं 'किडा' केलं. मेंदूच्या मधोमध किडा आहे म्हणून काकूंनी रडून गाव गोळा केलं.

वाईकर_गुर्जी

ॲपचं लॅटिन पक्कं आहे म्हणायचं! व्हर्मिस म्हणजे किडाच. लहान मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारी मधली अरुंद, वळ्यावळ्यांची पट्टी अळीसारखी दिसते म्हणून ते नाव.

पेशी

आणि काकूंची भीती अगदीच हवेतली नाही. मेंदूत जंतांच्या गाठी होणं हा आपल्याकडे फिट्सचं कारण असलेला खरा आजार आहे, डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात गेल्याने होतो. डुक्कर न खाणाऱ्यालाही होतो, कारण अंडी माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी, न धुतलेला भाजीपाला अशी येतात. पण रिपोर्टात ते 'सिस्टिसर्कोसिस' असं लिहून येतं. नुसता 'व्हर्मिस' हा प्रत्येकाला असतो. नसला तर काळजी.

अनुस्वार

बघा! शब्दशः भाषांतराने किडा झाला. आणि 'लहान मेंदू' हेही शब्दशः भाषांतरच. माझा मुद्दा मीच सिद्ध केला असं म्हणत नाही, पण नोंद असावी.

रश्श्यातली_पोळी

नोंद घेतली. आता हे सांगा, लहान मेंदू नसलेला माणूस असतो का? कुठंतरी वाचलं होतं.

पेशी

असतो, अगदी क्वचित. चीनमधल्या २४ वर्षांच्या एका बाईंची हकीकत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. गरगरतं, उलट्या होतात म्हणून आल्या आणि स्कॅनमध्ये लहान मेंदूची जागा रिकामी, तिथे नुसतं पाणी. लहानपणी नीट कळेल असं बोलायला सहा वर्षं लागली, आधाराशिवाय चालायला सात. तरी लग्न झालं, मूल झालं, चाल थोडी डुलती. जन्मापासून नसला तर उरलेला मेंदू बरंच सांभाळून घेतो. पन्नाशीत अचानक गेला तर तसं होत नाही.

ज्यासाठी हा धागा वर राहावा असं मला वाटतं ते आता लिहितो. लहान मेंदूचा झटका घरच्यांना ओळखू येत नाही. बऱ्याचदा तोंड वाकडं नसतं, हातपाय हलतात, माणूस नीट बोलतो. फक्त एकदम गरगरतं, भडाभडा उलट्या होतात आणि उभं राहता येत नाही. मग उन्हाळ्यात 'ऊन लागलं', एरवी 'पित्त झालं', आणि गावात सलाइन. साध्या पित्तात किंवा कानाच्या चक्करेत माणूस कसाबसा, धरून का होईना, चालतो. बसतासुद्धा येत नसेल, एका बाजूला कलत असेल, दोन-दोन दिसत असेल, घास-पाणी गिळताना ठसका लागत असेल किंवा मानेत-डोक्यामागे अचानक जोराची कळ आली असेल तर सलाइनची वाट बघू नका. बीपी, शुगर, तंबाखू असलेला माणूस असेल तर मुळीच नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सुरुवातीच्या तासांत साध्या सीटी स्कॅनमध्ये या भागातली गुठळी बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून 'सीटी नॉर्मल' म्हणजे सुटलो असं नाही.

आणि दुसरा धोका पुढच्या दोन-चार दिवसांतला. कवटीचा हा कप्पा अरुंद आहे. सूज आली की मेंदूतल्या पाण्याची वाट दाबली जाते, पाणी तुंबतं, देठावर दाब येतो. बोलता-चालता माणूस गुंगीत जातो. त्या वेळी शस्त्रक्रियेने जागा करून दिली तर माणूस वाचतो आणि पुष्कळदा चांगला सुधारतो. म्हणून बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मागू नका.

सिस्टर_मिरज

शेवटचं वाक्य सोन्याचं. "चालतंय-बोलतंय की, कशाला आयसीयूचं बिल," हे मी ऐकत असते.

लहान मुलांचंही एक जोडते. पोराला सकाळी उठल्या उठल्या उलटी, डोकं दुखतंय म्हणतंय, आणि अलीकडं चालताना धडपडतंय, असं आठवडाभर चाललं असेल तर जंताचं औषध पाजत बसू नका. लहान मुलांत गाठ होण्याची लहान मेंदू ही एक जागा आहे. बऱ्याचदा काहीच नसतं, पण दाखवा.

तासगावचं_मेडिकल

डॉक्टर, सिस्टर, आभार. काउंटरवर ठेवायला मी एक चिठ्ठी तयार केली आहे. त्यात लिहिलंय: "लहान मेंदू (पुस्तकात अनुमस्तिष्क, इंग्रजीत सेरेबेलम). मेंदूचा हा वेगळा भाग सर्वांना असतो. डोक्यामागे, खाली. तोल व नेम सांभाळतो. रिपोर्टात हा शब्द आला म्हणजे मेंदू लहान झाला असा अर्थ नाही. सेरेब्रल म्हणजे मोठ्या मेंदूचा, सेरेबेलर म्हणजे लहान मेंदूचा. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा." अनुस्वार सर, अनुमस्तिष्क घातलाय, बघा.

अनुस्वार

कंसात घातलाय. चालेल. 'व' काढा, 'आणि' करा.

वाईकर_गुर्जी

आयुर्वेदातल्या 'मस्तुलुंग'ला कुणी विचारलंच नाही. सुश्रुतसंहितेत कवटीतल्या मऊ द्रव्याला तो शब्द आहे, बाळाची टाळू खोल जाते त्या वर्णनात. लहान-मोठा असा भेद त्यात नाही, त्यामुळे या भांडणात कामाचा नाही, पण शब्द गोड आहे.

ऊसतोड_पाटील

उशीरा वाचतोय. माझ्या मेव्हण्याला लहान मेंदूचा अटॅक येऊन दीड महिना झाला. ताकद आहे, पण मोटारसायकल काढू का म्हणून रोज भांडतो. आणि पाणी पिताना ठसका लागतो. काय करावं?

फिजिओ_कराड

मोटारसायकल नाही. ट्रॅक्टर, विहिरीचा काठ, शिडी, उसाच्या गाडीवर चढणंही आत्ता नाही, न्यूरोच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत. त्याला 'ताकद आहे' हेच खरं वाटतं, म्हणून भांडतो. भांडू नका, समोर भिंतीवर एक खूण करा आणि बोट नेमकं खुणेवर ठेवायला सांगा, त्याचं त्यालाच दिसेल.

व्यायाम रोज हवा, पण थोडा थोडा आणि पुष्कळ वेळा. आधी खुर्चीवर पाठ न टेकता बसणं, मग दोन्ही बाजूंना माणूस किंवा भक्कम आधार ठेवून उभं राहणं, मग पाय हळूहळू जवळ घेत उभं राहणं, मग चालणं. पहिल्या तीन-चार महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, नंतरही चालू राहते. जवळ फिजिओ असेल तर आठवड्यातून एकदा तरी दाखवा, चाल बघून व्यायाम बदलावे लागतात.

ठसक्याचं मात्र थांबू नका. पाणी किंवा घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, चमच्यानं घोट घोट द्या. झोपवून नाही, गप्पा मारता मारता नाही. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते का तेही बघा.

ऊसतोड_पाटील

पेज पितोय व्यवस्थित. पाण्यालाच लागतो ठसका. उद्या मिरजेला नेतो.